नो मेकअप, नो फिल्टर : नवोदित मॉडेलचे साधे पोर्ट्रेट काढायचे कसे

कास्टिंगच्या मेसेजमध्ये एक ओळ हमखास असते : ‘ताजे पोलरॉइड्स पाठवा, नो मेकअप, नो फिल्टर.’ नाशिक, सोलापूर, पणजीहून मुंबईत काम शोधायला आलेल्या अनेक मुलामुलींकडे त्या वेळी पाठवण्यासारखं काहीच नसतं. असतो तो भरपूर पैसे मोजून केलेला पोर्टफोलिओ. त्यात गालावर एकही रंध्र दिसत नाही, कातडीचा रंग दोन छटांनी उजळलेला असतो आणि जबडा सॉफ्टवेअरने कोरलेला असतो. अशी एखादी मुलगी वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या ऑडिशनला पोचते तेव्हा समोरचा माणूस फोटोतल्या मुलीची वाट बघत असतो. ती आलेलीच नसते.

डिजिटल कॅमेरे येण्याआधी मॉडेलिंग एजन्सीत पोलरॉइडचा इन्स्टंट कॅमेरा असे, बटण दाबताच फिल्मवर तयार फोटो हातात देणारा. मुलगी आली की भिंतीपाशी उभी करायची, फोटो काढायचा, खाली उंची आणि मापं लिहायची. त्या फोटोवर मागाहून हात फिरवायची सोय नव्हती, म्हणूनच त्यावर विश्वास होता. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये त्या फिल्मचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. आज त्याच फोटोंना डिजिटल्स म्हणतात, पण अपेक्षा तीच आहे. माणूस दारातून आत येईल तेव्हा जसा दिसेल, तसाच फोटोत दिसायला हवा.

हे काम सोपं वाटतं म्हणून बरेच फोटोग्राफर ते दहा मिनिटांत उरकतात. माझ्या मते फॅशन फोटोग्राफीतलं हे सगळ्यात अवघड पोर्ट्रेट आहे, कारण इथे कपडे, मेकअप, लोकेशन, लाइट्स यांपैकी कशाचीच मदत नसते.

कॅमेरा काढण्याआधी

पहिला प्रश्न वयाचा. समोरची व्यक्ती अठराच्या आतली असेल तर आई, वडील किंवा पालक शूटला हजर हवेतच, आणि संमती त्यांचीच लेखी हवी. भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार वैध नसतो, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने स्वतः सही करून दिलेल्या रिलीज फॉर्मला, म्हणजे फोटो वापरायच्या परवानगीला, काही अर्थ नाही. स्विमवेअरमधले फोटो अठराच्या आत काढायचेच नाहीत, एजन्सीने मागितले तरी नाहीत. अठराच्या वरच्यांनाही ते काढायचे की नाही हे आधीच्या फोनवर विचारा. शूटच्या दिवशी समोरासमोर ‘नाही’ म्हणणं नवख्या मुलीला फार जड जातं.

सोबत कुणाला तरी आणायला सांगाच. मैत्रीण, भाऊ, मावशी, कुणीही चालेल. जो फोटोग्राफर ‘सोबत कुणी नको, डिस्टर्ब होतं’ म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका, हे मी नवोदितांना स्पष्ट सांगते. जागा स्टुडिओ, सोसायटीची गच्ची, कॉलेजचं आवार अशी असावी. हॉटेलची खोली नको.

हक्काचा मुद्दाही तेव्हाच मोकळा करून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. फुकट काढून दिला तर हक्क फोटोग्राफरकडे राहतो. चार ओळी लिहून दोघांनी सह्या करा : फोटो कुणाचे, ती ते कुणाकुणाला पाठवू शकते, तुम्ही ते तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकू शकता की नाही. हा शेवटचा प्रश्न स्वतंत्र विचारा. एजन्सीला पाठवायला दिलेली परवानगी जगाला दाखवायची परवानगी नसते.

आदल्या दिवशीचा मेसेज

मी प्रत्येकाला एकच मेसेज पाठवते, आणि त्यात सगळ्यात वर काजळ असतं. आपल्याकडच्या मुलींच्या डोळ्यांत रोज काजळ असतं. सकाळी धुतलं तरी पापण्यांच्या मुळाशी उरतं आणि फोटोत डोळ्यांखाली काळं पडल्यासारखं दिसतं. म्हणून आदल्या रात्रीच खोबरेल तेलाने काढायचं आणि सकाळी पुन्हा घालायचं नाही. थ्रेडिंग करायचं असेल तर दोन दिवस आधी, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत भुवईखाली लाली राहू शकते. नवीन फेशियल, नवीन क्रीम, नवा हेअरकट यातलं काहीही शूटच्या तोंडावर नको. केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल न लावलेले. नेलपेंट काढलेलं. मुलांची दाढी एक तर पूर्ण साफ किंवा रोज असते तेवढी, शूटसाठी मुद्दाम कोरलेली नको.

दागिने, घड्याळ काढून ठेवायचं. मनगटावरचा धागा किंवा गळ्यातला ताईत श्रद्धेचा असेल तर मी काढायला लावत नाही. फक्त बाही किंवा कॉलरआड जातो का ते विचारते, नाही गेला तर असू दे.

येताना सैल कपडे घालून यायला सांगा. घट्ट इलॅस्टिकचे, मोज्यांचे, पट्ट्यांचे वळ कातडीवरून जायला अर्धा तास सहज लागतो. आणि विरारहून किंवा कल्याणहून लोकलमध्ये उभ्याने आलेल्या मुलीचा लगेच फोटो काढायला जाऊ नका. पंख्याखाली बसवा, पाणी द्या, चेहरा साध्या पाण्याने धुऊन टिपून घेऊ द्या. वीसेक मिनिटांत चेहऱ्यावरची लाली आणि घाम दोन्ही उतरतात. याच वेळात गप्पा सुरू करायच्या, पुढे त्यांचाच उपयोग होणार आहे.

कपडे दोनच जोड : अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा टॉप किंवा गंजी, आणि साधी घट्ट जीन्स. छापील मजकूर, लोगो, चौकडा नको. खांदे, कोपर, मान, कंबर हे सगळं स्पष्ट कळायला हवं. काळा टॉप बहुतेक एजन्सींना आवडतो, पण डोळे खोल असतील तर मी पांढरा निवडते. पांढरं कापड हनुवटीखालून वर प्रकाश फेकतं आणि डोळ्यांतली छाया भरून काढतं. काळं कापड तोच प्रकाश गिळतं. मुलींनी साध्या उंच टाचांच्या चपला आणाव्यात, आणि काही फ्रेम अनवाणी घ्याव्यात.

प्रकाश

सगळा वेळ इथे घाला. साध्या पोर्ट्रेटची प्रत प्रकाशावर ठरते आणि हा प्रकाश फुकट मिळतो.

आकाशाचा मोठा तुकडा समोर दिसतो, पण थेट ऊन अंगावर पडत नाही, अशी जागा शोधायची. इमारतीच्या सावलीतली गच्ची, व्हरांड्याची कड, मोठी खिडकी, चाळीची गॅलरी. मॉडेलचं तोंड प्रकाशाकडे आणि तुमची पाठ प्रकाशाकडे. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांचे, गुराख्यांचे, वाटेत भेटलेल्या माणसांचे पोर्ट्रेट काढले, ते असेच : उघड्यावर, सावलीत, मागे पांढरा कागद ताणून. सावलीतल्या त्या प्रकाशात सुरकुती न् सुरकुती दिसते, आणि कुठेही भडकपणा नाही.

आपल्याकडे ऋतू बघावा लागतो. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत दुपारी उघड्यावर फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळोख होतो, आणि सुंदर चेहराही थकलेला दिसतो. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतरच काम करा. पावसाळ्यात मात्र ढगाळ आकाश दिवसभर मऊ प्रकाश देतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबलेल्या तासाभरात जे फोटो मिळतात, ते मला महागड्या सॉफ्टबॉक्सने, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या स्टुडिओ दिव्याने, कधी मिळाले नाहीत. फक्त हवेतल्या दमटपणामुळे कपाळ आणि नाक चमकतं. पावडर लावू नका, टिश्यूने टिपा.

आता आजूबाजूचे रंग बघा. गच्चीवर हिरवं वॉटरप्रूफिंग असेल तर हनुवटीखाली हिरवट झाक येते. सोसायटीच्या गुलाबी किंवा पिवळ्या भिंतीसमोर उभं केलं तर तोच रंग गालावर चढतो. काळी काच लावलेली स्लाइडिंग खिडकी प्रकाशाचा रंग बिघडवते, ती उघडा. खिडकीला ग्रिल असेल तर मॉडेलला खिडकीपासून मीटरभर आत उभं करा, म्हणजे गजांच्या सावल्या विरून जातात. आणि खोलीतली ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद. बाहेरचा निळसर प्रकाश आणि आतला पिवळा प्रकाश एकाच चेहऱ्यावर मिसळला की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तो नीट सुटा होत नाही.

मागे पांढरी किंवा फिकट राखाडी भिंत. मॉडेल भिंतीला टेकलेली नको, तिच्यापासून मीटर-दीड मीटर पुढे. एका बाजूला फार अंधार वाटला तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा ताणलेली पांढरी चादर धरायला सोबत आलेल्या मैत्रिणीला सांगा. तिलाही काही तरी काम मिळतं.

लेन्स, अंतर आणि मोबाइल

चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कितीतरी मुली याच सेल्फी बघून स्वतःच्या नाकाला नावं ठेवत असतात. त्यांना हा आकडा मी आवर्जून सांगते.

तर नियम असा की चेहऱ्यासाठी निदान दीड-दोन मीटर आणि पूर्ण उभ्या फोटोसाठी चार-पाच मीटर मागे या. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स चेहऱ्याला उत्तम. जागा अपुरी असेल तर पूर्ण उभ्या फोटोसाठी फुल-फ्रेमवर ५० मिमी घ्या, त्याहून वाइड नको. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. इथे एक डोळा तीक्ष्ण आणि कान धूसर अशा फोटोचा उपयोग नाही. शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८००-१६०० पर्यंत गेला तरी बिघडत नाही.

मोबाइलवर काढायचे असतील तरी उत्तम फोटो निघतात. मागचा कॅमेरा वापरा आणि फोनमध्ये वेगळी दोनपट किंवा तीनपट लेन्स असेल तर ती घ्या. ब्युटी मोड, पोर्ट्रेट मोड, एआयने चेहरा सुधारणारी सगळी बटणं शोधून बंद करा. काही फोन न विचारता कातडी गुळगुळीत करतात. लेन्स रुमालाने पुसा, स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) आणि फोकस लॉक करा.

कातडीचा खरा रंग

पांढऱ्या भिंतीसमोर ऑटोवर फोटो काढला की कॅमेरा भिंत बघून फसतो आणि सगळी फ्रेम काळवंडते. मग फोटोग्राफर एडिटिंगमध्ये उजेड वाढवतो, तो वाढवता वाढवता चेहरा धुऊन निघतो, आणि सावळी मुलगी गोरी होऊन बाहेर पडते. तिला ते आवडतंही, कारण लहानपणापासून तिने हेच ऐकलेलं असतं. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला, पण फोटोग्राफरच्या बोटातून तो अजून गेलेला नाही. सावळ्या कातडीची स्वतःची चमक असते. गालाच्या हाडावर, खांद्यावर प्रकाश जसा उमटतो तसा गोऱ्या कातडीवर उमटत नाही. ती चमक घालवणं म्हणजे तिच्याकडचं भांडवल काढून घेणं आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो.

उपाय सोपा आहे. ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा घ्या, फोटोच्या दुकानात स्वस्तात मिळतो. मॉडेलच्या चेहऱ्याजवळ धरा, त्यावरचा प्रकाश कॅमेऱ्याने मोजून एक्स्पोजर मॅन्युअलवर कायम करा. त्याच कार्डावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ठरवा आणि त्याचं ऑटो सेटिंग बंद करा, नाही तर दर फ्रेमला रंग हलतो. शंका आली तर फोटो तिच्या हाताशेजारी त्याच प्रकाशात धरून बघा. रंग जुळला पाहिजे.

फ्रेमचा क्रम

बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मी उलट करते. पहिली पंधरा मिनिटं माणूस आखडलेला असतो, तेव्हा चेहऱ्यावरच्या हावभावांची गरज नसलेल्या फ्रेम आधी काढून घेते : पूर्ण उभी पाठमोरी, मग दोन्ही बाजूंनी, मग समोरून. पावलं कापू नका, डोक्यावर थोडी जागा ठेवा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरायचा, गुडघ्यावर बसून. उभ्याने डोळ्यांच्या उंचीवरून काढलात तर पाय आखूड दिसतात, आणि अगदी जमिनीवरून काढलात तर खोटेच लांब दिसतात.

मग कमरेपर्यंत, कॅमेरा छातीच्या उंचीवर. मग चेहरा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत : डावी बाजू, उजवी बाजू, अर्धी वळलेली, समोरून. समोरून एकदा केस मोकळे, एकदा घट्ट मागे बांधून, म्हणजे कान, केसांची रेषा, जबडा दिसेल. एक शांत चेहरा, एक दात दिसणारं हसू. दात वेडेवाकडे असले तरी तेही हवं. शेवटी दोन्ही हात. टॅटू, जुना भाजल्याचा व्रण, पांढरा डाग असेल तर तिला विचारून तोही स्पष्ट दिसू द्या. सेटवर गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं तिच्या हिताचं.

चेहरा सैल कसा होतो

१९९० च्या जुलैमध्ये ‘द फेस’ या ब्रिटिश मासिकात पुढे सुपरमॉडेल झालेल्या, तेव्हा सोळा वर्षांच्या केट मॉसचे फोटो आले, कोरीन डे या फोटोग्राफरने समुद्रकिनाऱ्यावर काढलेले. नाकावर हसताना पडलेल्या सुरकुत्या, मिटलेले डोळे, जवळजवळ नसलेला मेकअप. त्या काळच्या चकचकीत फॅशनमध्ये हे कुणाला अपेक्षित नव्हतं. डे स्वतः मॉडेलिंग केलेली होती, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं कसं असतं हे तिला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक हवं. एकदा तरी दुसऱ्या फोटोग्राफरसमोर बिनमेकअप उभे राहा.

आजची मुलं रील्स बघून पोझ शिकून येतात. ओठ पुढे, हनुवटी वर, एक गुडघा वाकवलेला. ‘असं करू नकोस’ म्हटलं की ती आणखी आखडतात. त्यांना सगळ्या पोझ करू द्या, तुम्ही फोटो काढत राहा. पाच मिनिटांत साठा संपतो. ‘ताई, आता काय करू?’ असं विचारताना जो चेहरा असतो, तोच हवा असतो.

शरीराला सांगा, मनाला सांगू नका. ‘नॅचरल राहा’ या सूचनेने कुणीही नॅचरल होत नाही. ‘श्वास पूर्ण सोड, खांदे पडू दे, जिभेचं टोक खालच्या दातांना लाव, डोळे मीट, मी म्हटलं की उघड’ एवढं पुरतं. डोळे उघडल्याच्या पहिल्या क्षणाला फ्रेम घ्या. कॅमेरा शक्यतो ट्रायपॉडवर ठेवा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. ॲव्हेडनही आपल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूला, समोरच्याला दिसतील असे उभे राहत. कॅमेऱ्यामागे लपलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही.

आणि तिच्या घरच्या बोलीत बोला. मुंबईत आलेली मुलगी फोटोग्राफरसमोर शाळेतलं इंग्रजी जुळवत उभी असते, तिचं सगळं लक्ष क्रियापदाकडे. मालवणकडची असेल आणि तुम्हाला दोन शब्द मालवणी येत असतील तर वापरा, येत नसतील तर गावाकडच्या जत्रेबद्दल विचारा.

केस, पट्टा, कॉलर नीट करायला स्वतः हात लावू नका. सांगा, ती करेल, किंवा सोबतची करेल. मध्येच कॅमेऱ्यावर फोटो दाखवणं मी टाळते, कारण एकदा स्वतःला पाहिलं की ती उरलेला वेळ स्वतःला दुरुस्त करत बसते. शेवटी मात्र सगळे दाखवते. जो नको म्हणेल तो तिच्यासमोर डिलीट.

एडिटिंग आणि पाठवणी

क्रॉप, सरळ करणं, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स. इथे थांबा. स्किन स्मूदनिंग नाही, कंबर आत नाही, दात पांढरे नाहीत. पिंपल काढावा की नाही यावर मतभेद आहेत, मी ठेवते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलची शरीरयष्टी बारीक किंवा जाड दिसावी म्हणून फोटो बदलला असेल तर ‘रीटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं. आपल्यावर तशी सक्ती नाही, पण डिजिटल्समध्ये ती मनाशी धरून चाला.

दहा-बारा फ्रेमच निवडा. जेपीजी, लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास, कोणताही वॉटरमार्क नाही. फाइलच्या नावात तिचं नाव, उंची, महिना आणि वर्ष. सोबत वेगळ्या मजकुरात उंची, छाती, कंबर, नितंब, बुटाचा नंबर. मापं टेपने घेतलेली, अंदाजाने नाहीत. तीही तिची तिने किंवा सोबतच्या बाईने घ्यावीत. उंची पादत्राणं काढून, भिंतीला टाच लावून. दोन इंच वाढवून लिहिलेली उंची पहिल्याच फिटिंगला उघडी पडते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर फाइल लहान करताना कातडीचा पोत निघून जातो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते : मोबाइलने घरी काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन नोंदलेलं असू शकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की तेही सोबत जातं. अनोळखी माणसांकडे जाणारा फोटो असेल तर ती माहिती आधी काढून टाका, म्हणजे मुलीच्या घराचा पत्ता त्यातून जाणार नाही.

बऱ्याच एजन्सी पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओही मागतात. तो त्याच जागी, त्याच प्रकाशात काढा. फोन आडवा धरायचा की उभा, ते एजन्सीला विचारून घ्या. नाव, वय, उंची, शहर सांगायचं, दोन्ही बाजू वळून दाखवायच्या, चार पावलं चालायचं.

नवोदितांसाठी पैशाबद्दल दोन वाक्यं. चांगली एजन्सी काम मिळवून देते आणि त्या मानधनातून कमिशन घेते. नोंदणीची फी मागणारा, किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, मगच घेऊ’ म्हणणारा दिसला तर तिथून निघा. डिजिटल्सना खिडकी, भिंत, एक बरा फोन आणि मित्र पुरतो.

केस कापले, दाढी ठेवली, वजन बदललं, दातांना तार लागली की लगेच नवे काढा. काहीच बदललं नाही तरी तीन-चार महिन्यांनी काढा, कारण एजन्सी तारीख बघते. तीच जागा आणि दिवसाची तीच वेळ धरली तर पुढच्या वेळी तयारीला निम्माच वेळ लागतो.